सप्रेम भेटीखाली काय लिहिलं होतं

माझं लहानपण मागच्या प्रकरणात संपलं. तिथं मिसरूड फुटली, नोकरी लागली, तेव्हा वाचकाची समजूत झाली असेल की हा माणूस आता मोठा झाला. माझीही तशीच समजूत होती. पुढं लग्न झालं, अठ्ठावीस वर्षं कारखान्यात पाळ्या केल्या, निवृत्तीचा नारळ आणि शाल घेऊन घरी आलो, आणि मग सहासष्टाव्या वर्षी कळलं की मोठं व्हायचं राहूनच गेलं होतं. ते जसं झालं तसं इथं लिहितो. लिहिण्याचं दुसरंही कारण आहे. माझ्या मेहुणीची, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीची, मी तीन लग्नांत, एका बारशात आणि एका तेराव्याला बदनामी केली आहे. ती ऐकलेली सगळी माणसं पुन्हा एका मांडवाखाली गोळा होणं शक्य नाही. पुस्तक मात्र घरोघर पाठवता येतं.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कारखान्यात बी-टू या जीवनसत्त्वाची भुकटी तयार व्हायची. नारिंगी-पिवळी भुकटी, एकदा लागली की जन्माची. मी वाळवणी खात्यात होतो. पाळी संपवून घरी यायचो तेव्हा कानाच्या पाळ्या पिवळ्या, बनियन पिवळं, घाम पिवळा. आमच्या दोरीवर वर्षानुवर्षं पांढरा कपडा वाळला नाही. आळीत मला ‘हळद्या’ म्हणायचे. आळीत नवा भाडेकरू आला की मला बघून शेजाऱ्यांना हळूच विचारायचा, “ह्यांचं लग्न कधी आहे?” या पिवळेपणाचा फायदा असा की जीवनसत्त्वाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा मानला जाई. कुणाचं तोंड आलं, कुणाचे केस गळाले, कुणाचा मुलगा नापास झाला, की माणसं माझ्याकडे. खरं सांगायचं तर मला फक्त भुकटी कशी वाळवायची एवढंच ठाऊक होतं. ड्रमला सील लागलं, गाडी फाटकाबाहेर गेली, की पुढं तिची गोळी कोण करतो आणि तिच्यात आणखी काय काय घालतो, हे मी कधी विचारलंही नव्हतं. पण हे आळीला सांगण्याची गरज मला वाटली नाही.

आमचं घर तांदळाच्या भाकरीचं. सुमन, माझी बायको, सकाळी भाकरी थापायला बसली की परातीवर तिच्या हाताचा ठेका सुरू व्हायचा, आणि त्यावर पलीकडच्या घरातली मुलं शाळेला निघायची. त्यांना घड्याळ लागत नसे. गहू आमच्याकडे पाहुण्यांसाठी आणि होळीच्या पोळीसाठी. निवृत्तीनंतर मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, भात-भाकरी कमी करा, चपाती खा. झालं, परातीचा ठेका थांबला आणि पोळपाटाची कुरकुर सुरू झाली. एका घरात दोन स्वयंपाक कशाला म्हणून सुमनही माझ्याबरोबर दोन्ही वेळा चपाती खाऊ लागली. माझी साखर उतरली. सुमनही उतरू लागली. पोट फुगायचं, जेवण झालं की ती मोरीकडे धावायची, चेहरा पांढराफटक. आधी पित्त म्हणून औषध झालं, मग कृमी म्हणून झालं, मग वय म्हणून कुणी औषधच दिलं नाही. वर्षभरात तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत आरामात फिरू लागल्या. तेव्हा कुठं मी रिक्षा करून तिला वीर स्टेशनात नेली आणि आम्ही मुंबई गाठली.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. रक्त तपासलं, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला. म्हणाल्या, “सिलिअॅक आहे. गव्हातलं ग्लुटेन तुमच्या आतड्याला चालत नाही. बहुधा आधीपासूनच असणार, आता गहू वाढला तसं उघड झालं. गहू, रवा, मैदा, जव, सगळं बंद. कायमचं. कणभरसुद्धा नाही.”

“बाई, आम्ही भाकरीवालीच माणसं,” सुमन म्हणाली. “चपातीचं खूळ ह्यांच्या साखरेनं आणलं.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

“तुमचं लोह, डी, बी-बारा, सगळं खाली गेलंय,” त्या पुढं म्हणाल्या. “ह्या गोळ्या मी चौकशी करून लिहिल्या आहेत. ह्याच घ्यायच्या. गोळीला आकार यावा म्हणून तिच्यात स्टार्च घालतात, तो कधी गव्हाचाही असू शकतो. दुसरी कुठली घेण्याआधी मला विचारा.”

इथं मी हसलो. आजही ते हसू आठवलं की मला स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते. “मॅडम,” मी म्हटलं, “जीवनसत्त्वं माझ्यावर सोडा. अठ्ठावीस वर्षं मी ती बनवलीत.”

“आणि आतडं कुणी बनवलंय?” डॉक्टर म्हणाल्या. सुमन कित्येक महिन्यांनी मोठ्यानं हसली. मला वाटतं, पुढचं सगळं त्या हसण्यामुळं झालं. माणूस साठी ओलांडलेला असला तरी बायको परक्या माणसासमोर हसली की त्याला काहीतरी सिद्ध करून दाखवावंसं वाटतं.

महाडात तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बशीरभाईंचं औषधांचं दुकान आहे. माणूस इतका सावध, की पाण्याची बाटली विकतानाही तारीख दोनदा वाचतो. त्यांनी चिठ्ठी बघून सांगितलं, “भाऊ, ह्यातली एकच हाय माझ्याकडं. बाकीच्या मागवतो, चार दिवस लागतील. मधी दुसरी काय देऊ नका.” मी बरं म्हणून घरी आलो, आणि कपाटावरची बरणी काढली.

ही बरणी आमच्या सेवानिवृत्त कामगारांच्या स्नेहसंमेलनात वाटलेली होती. दरवर्षी आम्ही स्टीलचा डबा द्यायचो, पण सगळ्यांच्या घरी डब्यांचे मनोरे झाले होते. म्हणून त्या वर्षी मी, भेटवस्तू समितीचा प्रमुख या नात्यानं, आरोग्याची भेट सुचवली: बहुगुणी गोळ्यांची, वर्षभर पुरेल एवढी मोठी बरणी. पुढच्या बाजूला उधळलेला घोडा. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत काहीबाही. आपल्याकडे कुठलीही वस्तू ‘सप्रेम भेट’ असं लिहिल्याशिवाय दिली जात नाही; लिहिलं नाही तर घेणाऱ्यालाही ती चोरल्यासारखी वाटते. मी चिकटपट्ट्या छापून आणल्या. घोड्याच्या तोंडावर लावणं बरं दिसेना, म्हणून दोनशे बरण्यांच्या मागं, त्या मुंगीच्या अक्षरांवर, मी स्वतःच्या हातानं लावल्या. हवेचा एक बुडबुडा राहू दिला नाही. पुढच्या बाजूला घोड्याच्या खुराजवळ ‘बी-टू युक्त’ असं ठळक छापलं होतं. मला तेवढं पुरलं. बी-टू म्हणजे माझं बी-टू. माझ्या कानाच्या पाळीवर बसून घरी आलेलं बी-टू ते हिच्या पोटाला काय करणार?

चार दिवसांनी बशीरभाईंचा निरोप आला, तेव्हा मी म्हटलं, राहू द्या, आपल्याकडे भारी माल आहे. सुमनला रोज सकाळी दोन घोडे देऊ लागलो. घरातून गहू हद्दपार केला, भाकरी परत आली, पलीकडची मुलं पुन्हा वेळेवर शाळेत जाऊ लागली. सुमनला मात्र फरक पडेना. सहा महिन्यांनी मुंबईला गेलो तर रक्तात तेच. “कुठून तरी गहू जातोय,” डॉक्टर म्हणाल्या. “गोळ्या मी लिहिलेल्याच ना?” मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यांना कळू नये अशा बेतानं हलवली.

मग मी गव्हाच्या शोधाला लागलो. नवा तवा, नवी परात, नवं लाटणं आणलं; लाटणं कशाला आणलं हे मला अजून सांगता येत नाही. गिरणीवाल्याकडे पहाटेच जाऊन बसायचो, कारण आधी गहू दळला असला तर आमच्या तांदळात त्याचं पीठ येणार. पहिलं दोन किलो दळण आमच्याच तांदळाचं काढून कोंबड्यांना घालायचो. गिरणीवाला म्हणायचा, “काका, तुमच्या हिच्या पोटाचं मला म्हाईत नाय, पन आमच्या कोंबड्या गबरू झाल्यात.” मग हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात मैदा सापडला. त्या दिवशी मी आळीभर मिरवलो. सॉसची बाटली, लोणच्याचा मसाला, देवापुढची उदबत्ती, सगळ्यावर काय लिहिलंय ते भिंगातून वाचलं. भिंग हातात घेऊन मी रोज कपाटासमोरून जात होतो आणि कपाटावरून घोडा माझ्याकडे बघत होता. त्याच्या मागं काय लिहिलंय ते बघावं असं एकदाही मनात आलं नाही. आपणच प्रेमानं लावलेल्या पट्टीखाली काही असू शकतं, हे माणसाला सुचत नाही.

घरात गहू सापडेना, तेव्हा मी घराबाहेर बघू लागलो. सुमन महिन्यातून दोनदा पोलादपूरच्या वरच्या अंगाला, थोरल्या बहिणीकडे, म्हणजे अक्काकडे जायची. दोघींची आई लवकर गेली. अक्कानंच हिची वेणीफणी केली, हिला शाळेत सोडलं. दोन्ही बहिणी एकत्र बसल्या की जेवणापेक्षा हसणं जास्त व्हायचं. एका खेपेला तिथून आल्यावर सुमन दोन दिवस आडवी पडली. मला वाटलं, मिळाला चोर. पुढच्या खेपेला भिंग खिशात घालून मीही एस. टी. त बसलो.

अक्का चुलीपुढं होती. मी पाय धुतले नाहीत, पाणी घेतलं नाही, थेट फडताळ उघडलं.

“काय हरवलंय, भावोजी?”

“गहू.”

“अवो, माज्या घरात गहू कुटला? सुमी यायची म्हनून म्या दानाबी ठेवत नाय.”

मी डबे उघडून हुंगत होतो. नाक पांढरं झालं. अखेर एका डब्यात बिस्किटांचा पुडा सापडला. मी तो वकिलासारखा वर धरला. “मग हे काय?”

“बिस्किटं. तुमीच आनलीवती गेल्या टायमाला. म्या उगडलीबी नाय.”

शहाणा माणूस इथं थांबला असता. मी म्हटलं, “पुडा बंद असला तरी वारा असतो, अक्का. आजपासून सुमन इथलं काही खाणार नाही.” अक्काचे हात पिठात तसेच राहिले. सुमन म्हणाली, “अहो, काहीतरीच काय,” पण तिच्यात तेव्हा भांडायची ताकद नव्हती, आणि भीती मात्र होती. त्यानंतर ती अक्काकडे गेली तरी घरून डबा नेऊ लागली. ज्या बहिणीनं घास भरवून वाढवलं तिच्याच ओटीवर बसून ही आपला डबा उघडायची, आणि अक्का आत काहीतरी काम काढायची. हळूहळू अक्का ‘कधी येतेस’ म्हणून विचारेनाशी झाली. मी मात्र लग्नाकार्यात भेटेल त्याला सांगत होतो, की आमच्या हिला कशानं होत होतं ते मी शोधून काढलं.

मग एक दिवस बरणी संपली. चांगली बरणी, टाकायची कशाला, नाचणीचं पीठ भरू म्हणून मी ती गरम पाण्यात बुडवली. माझी पट्टी सुटली आणि पाण्यात तरंगू लागली. तिच्या मागं मुंगीची अक्षरं होती. भिंग हाताशीच होतं. पहिली ओळ, गव्हाच्या अंकुराची पूड. दुसरी ओळ, जवाचं माल्ट. तिसऱ्या ओळीत माझं बी-टू, चिमूटभर.

मी बरणी सदऱ्याखाली लपवून बशीरभाईंकडे गेलो. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून म्हणाले, “भाऊ, ही गोळी नाय. ही चपातीच हाय, फक्त गोल आनि लहान.”

“हिला हे सांगू नका.”

“मी कशाला सांगतो? तुमी सांगा.”

बशीरभाईंनी चिठ्ठीतल्या गोळ्या पुन्हा मागवल्या. त्यातली एक आता बाजारातून गेली होती. तिच्या बदली दुसरी शोधण्यासाठी आम्ही दोघं आठवडाभर कंपन्यांना फोन करत बसलो. एका कंपनीची मुलगी म्हणाली, आमची गोळी शंभर टक्के शाकाहारी आहे. मी म्हटलं, बाई, गहूही शाकाहारीच असतो. दुसऱ्या कंपनीनं मला गरोदर असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगितलं. तिसऱ्या कंपनीनं मात्र लिहून पाठवलं: स्टार्च मक्याचा, गव्हाचा काही अंश नाही, आणि तशी तपासणी केलेली आहे. तो कागद मुंबईच्या डॉक्टरांना पाठवला, त्यांचा होकार आला, मग गोळी सुमनच्या हातावर ठेवली. तीन-चार महिन्यांत तिच्या बांगड्या मनगटावर थांबू लागल्या. जिना चढताना ती गुणगुणू लागली. एके दिवशी आरशासमोर उभी राहून म्हणाली, “अक्काकडचं जेवण बंद केलं ते बरंच झालं म्हणायचं.”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “हं.”

माझ्या आयुष्यात मी केलेली सगळ्यात छोटी चहाडी ती. एका अक्षराची. तिच्यावर मी सहा महिने काढले.

सहा महिन्यांनी अक्काचा फोन आला. म्हणाली, “सुमे, ये आता. भावोजींनाबी आन. सगळं केलंय म्या.” आम्ही गेलो. ओटीवर माझे साडू, अक्काचे यजमान, कोरा चहा नुसताच पीत बसले होते. स्वयंपाकघर चुन्यानं पांढरं केलेलं. डबे नवे. गिरणीवर भरवसा नको म्हणून अक्कानं कुणाकडचं तरी जातं मागून आणलं होतं, ते दहा पाण्यांनी धुतलं होतं, आणि त्यावर ती सात महिने घरचे तांदूळ दळत होती, सुमी कधीतरी डबा न आणता आली तर असावं म्हणून. कुळथाची पिठी होती, बिनहिंगाची. सुक्या बोंबलाची चटणी होती. तव्यावर भाकरी फुगली होती. अक्का हात जोडून बाजूला उभी राहिली. “भावोजी, आदी तपासा. तुमी म्हनाल तरच माजी बहीन जेवंल.”

मी डबे उघडायला लागलो. दुसरं काय करायचं ते सुचेना. एक उघडला, दोन उघडले. “जात्याची पाळ बगायची ऱ्हायली,” असं म्हणून अक्का वाकली आणि जात्याचा वरचा दगड उचलू लागली, आणि तिच्या तोंडातून ‘आई गं’ निघालं. उजव्या खांद्याला फडकं बांधलेलं होतं. दळून दळून खांदा धरला होता.

“अक्का, ठेवा तो,” मी म्हटलं. “गहू तुमच्याकडं कधीच नव्हता. माझ्या बरणीत होता. पट्टी मीच लावली होती त्याच्यावर.”

मग मी सगळं सांगितलं. घोडा, पट्टी, नाचणी, बशीरभाई. बाहेरून साडूंचा आवाज आला, “म्हंजे माजं चहात बुडवायचं मैद्याचं बटर सात म्हयने बंद क्येलंस, त्ये उगाच?”

सुमननं ताट खाली ठेवलं. “कधी कळलं तुम्हांला?”

“दहा महिने झाले.”

“दहा महिने मी हिच्या ओटीवर डबा उघडत होते,” ती म्हणाली, “आणि तुम्ही समोर बसून काकडी खात होता.” मी काकडी खात होतो हे खरं आहे. इथं तीही नोंदवून ठेवतो. “अक्का, ह्यांना वाढू नकोस.”

“वाढते गो,” अक्का म्हणाली. “उपाशी मानसाला लाज कमी वाटते.” तिनं मला दोन भाकऱ्या वाढल्या. मी इतकं चविष्ट जेवण इतक्या वाईट मनानं कधी जेवलो नाही. दोघी बहिणी एका ताटात जेवल्या, माझ्याकडे पाठ करून. जेवता जेवता कुणीतरी ‘घोडा’ म्हणालं, आणि त्या पाठी हलू लागल्या. आम्ही निघालो तेव्हा अक्का दारात येऊन म्हणाली, “भावोजी, तुमी माजं घर तपासलंव. आता ऐतवारी म्या म्हाडला येते. तुमचं तपासते.”

ती आली. खांद्याला फडकं, डोळ्याला साडूंचा चष्मा. माझं भिंग मागून घेतलं. मी माझ्याच स्वयंपाकघरात हात जोडून उभा राहिलो. तिनं एक डबा उघडला, हुंगला, सुमनला दाखवला. मग त्या डब्यावरून दोघींना कुणाची तरी सासू आठवली, आणि अर्धा तास गेला. संध्याकाळी पाचच्या गाडीपर्यंत पाच डबे झाले. मी विचारलं, “पास का, अक्का?”

“अजून डबे हायेत की,” ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. आज ह्या गोष्टीला चार वर्षं होत आली. आमच्या घरात तेव्हा बावीस डबे होते. त्या हिशेबानं माझा निकाल पहिल्या महिन्यातच लागायला हवा होता. तो का लागत नाही हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग एका शनिवारी सुमननं मला बाजारात पाठवलं, डबे आणायला. मी दोन मोठे घ्यावेत म्हणून फोन केला.

“मोठे नको,” ती म्हणाली. “लहान आणा. डझनभर.”

मी डझनभर आणले, आणि तिनं ते रविवारच्या आत भरून ठेवले.